चाचांना सांगायचं कुणी?

आमच्या बेंजो पार्टीत हळू बोलणारं माणूस एकही नाही. भिवंडीच्या नारपोलीत एका पॉवरलूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर आमची प्रॅक्टिस चालते. खाली खटाखट, वर आम्ही. ही जागा मिळाली, कारण तिथे दुसरं कुणी राहायलाच तयार नव्हतं. दिवसा मी वडप्याला गोदामात ड्युटी करते आणि सुटले की माळ्यावर जाऊन कीबोर्ड वाजवते. घरी येऊन "मीठ दे गं" म्हटलं तरी शेजारीण विचारते, "भांडण कशावरून?"

पार्टी दादांची. ते बेंजो वाजवतात, ढोलकीवर चाचा आणि कीबोर्डवर मी. बाकीचे लग्नापुरते येतात, वाजवतात, जेवून जातात. चाचा जुने भिवंडीकर. चाळीस वर्षं लूम चालवले आणि कान तिथेच ठेवून आले. त्यांच्याशी बोलायचं तर आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो.

हल्ली हळदीला लोकांना ढोलकीऐवजी ऑक्टापॅड, म्हणजे विजेवरचा ड्रम, लागतो. दादांनी कल्याणचा एक वाजवणारा बघूनही ठेवला होता. एका संध्याकाळी शिफ्ट बदलताना लूम थांबले, तेवढ्यात दादा मला दबक्या आवाजात म्हणाले, "खारबावची हळद झाली की चाचांना सुट्टी. ऐकायला येत नाय त्यांना, एखाद दिवशी भर मांडवात फजिती होईल. तू सांग त्यांना."

"मी का?"

"तुझ्यावर जीव आहे त्यांचा."

"म्हणून सुरी माझ्याच हातात का?"

चाचा आमच्या समोरच बसले होते, हातभर अंतरावर, ढोलकीचे नट आवळत. आमच्याकडे बघून ते हसले. आम्हीही हसलो. निर्लज्जपणाला काही सुमार असतो, तो आम्ही त्या संध्याकाळी ओलांडला.

आता सांगायचं कसं? वाईट बातमी माणूस हळू आवाजात सांगतो, आणि चाचांना हळू सांगायची सोय नव्हती. मी त्यांना चहाला घेऊन गेले. श्वास भरला आणि ओरडले, "चाचा, तुम्हाला एक सांगायचंय!" सगळं हॉटेल वळलं. समोसे तळणाऱ्याचा झारा हवेत थांबला. एवढ्या लोकांसमोर एका म्हाताऱ्या वादकाला 'हळदीनंतर येऊ नका' असं बोंबलून सांगायचं? माझी जीभ भलतीकडेच वळली. "शनिवारी खारबावला हळद आहे!" मी ओरडले.

"मालूम है, बेटी," चाचा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. समोसेवाल्यालाही हळदीची तारीख कळली.

दुसऱ्या दिवशी परत चहा. तिसऱ्या दिवशी परत. शुक्रवारी लूम बंद असतात, गल्ली शांत असते, म्हणून म्हटलं आज सांगू. तर त्या शांततेत माझा आवाज पार मशिदीच्या नाक्यापर्यंत गेला असता. चहा पिऊन परत आले. दादा रोज विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायचे, "उद्या." सांगायचं राहत होतं आणि पोटात रोज दोन कप चहा पडत होता.

शनिवारी दुपारी खारबावजवळच्या एका गावात मांडवात बसलो. पहिलं गाणं सुरू केलं आणि काहीतरी बिघडलं. दादांची लय पळायला लागली. त्यांच्यामागे मी पळाले. मध्येच मी हळू झाले, तर ते पुढे निघून गेले. नवऱ्या मुलाच्या मावश्या एक पाय उचलून तशाच उभ्या राहिल्या, कारण दुसरा कधी टाकायचा तेच त्यांना कळेना. रोज हेच गाणं आम्ही बिनचूक वाजवत होतो!

मग उजेड पडला. इथे खाली लूम नव्हते. चार वर्षं आम्ही त्या खटाखटीला धरून वाजवत आलो होतो आणि स्वतःला तालाचे पक्के समजत होतो. आजवरच्या सुपाऱ्याही लूमच्या गल्ल्यांतल्याच होत्या. लूमच्या गावाबाहेर आमचा ताल गावाबाहेरचाच झाला. चाचांना मात्र ते लूम कधी ऐकूच येत नव्हते. त्यांचा ठेका त्यांच्या हातात होता. माझ्या बोटांवर नजर लावून ते ओरडले, "धीरे! मला बघा!" आम्ही मुकाट्यानं त्यांना बघून वाजवलं. मावश्यांचे पाय जमिनीला लागले आणि मग सगळे असे नाचले की हळद लावायलाच विसरले. एक मावशी दादांना म्हणाली, "ह्या बाबाला दरवेळी आना हां. आमचे पाय थांबत न्हाय!"

जेवताना दादा मला म्हणाले, "राहू दे. ऑक्टापॅड नको. काही सांगू नकोस." मी इतकी खूश झाले की चार जिलब्या जास्त खाल्ल्या.

परतताना टेम्पोत चाचा माझ्याशेजारी बसले होते. एकदम म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात, "आता चहा बंद का, बेटी?"

"म्हणजे?"

"लूमवर कान कोण वापरतो? चाळीस वर्षं आम्ही ओठ बघून बोललो. त्या दिवशी आणि आज जेवताना दादा तुझ्याशी काय बोलला, सगळं बघितलं मी."

माझे वडील लूमवरच होते. कारखान्याच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या माणसाशी आवाज न करता गप्पा मारायचे, हे मी लहानपणी स्वतः बघितलेलं. नारपोलीत जन्मून मी चाचांच्या समोर बसून कुजबुजले होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तुम्ही आलात कशाला आज?"

"तुला सांगायला जमत नव्हतं ना. म्हटलं, हळद वाजवतो आणि मीच सांगतो की तब्येत बरी नाय, आता येत नाय. तुझ्या डोक्यावरचं ओझं जाईल."

मी नुसते ओठ हलवले, "चाचा, चुकलं."

"माफ किया!" चाचा टेम्पो हादरेल असे गरजले.

पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले दादा वळून ओरडले, "काय माफ केलं? कुणाला?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात होतं. ह्या वेळी मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या टेम्पोला ऐकू जाईल असं सांगितलं, "आपल्याला! चाचांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं!"