मोडीची घागर

रविवारी सकाळी माझ्या हातून अजूनही दोन कप चहा जास्त होतो. त्यातला एक शेजारच्या काकांचा. आता ते दुसरीकडे राहायला गेलेत.

इतवारी बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. जुनं पितळ मोडीत घ्यायचं, नवं स्टील द्यायचं. एका हिवाळ्यात दर रविवारी सकाळी टीव्हीवर जुन्या डच आणि फ्लेमिश चित्रांची मालिका लागायची, ती पाहायला ते आमच्याकडे यायचे. चित्रकाराचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. चित्रात भांडं दिसलं की मला निवेदकाचं बोलणंही धड ऐकू द्यायचे नाहीत. "हे भांडं ठोकीव हाये ताई, ओतीव नाही!" एकदा पडद्यावर खिडकीशी दूध ओतणारी बाई दिसली, तेव्हा मात्र हळूच आईला म्हणाले, "काकू, हिले काही घाई नाही." आई हसली.

आई गेल्यावर मी तिची पितळी घागर त्यांच्याकडे मोडीत द्यायला नेली. मोडीचं भांडं आलं की आधी ठोकून चेपायचं, ही त्यांची रीत. त्यांनी हातोडी उचलली आणि थांबले. घागर दारात नेऊन ठेवली, बोळातला उजेड पडेल अशी जराशी फिरवली आणि मला समोर बसवलं.

घागरीच्या पोटावर एक पोचा होता, आई नळाशी घसरली होती तेव्हाचा. इतक्या वर्षांत मी तो नीट पाहिलाच नव्हता.

"पाह्यलं ना ताई?" काका म्हणाले. "आता सांगा, कुठून ठोकू?"