मामांच्या हाताचा गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, सख्ख्या भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — आणि सांगतानाही मधूनमधून हसू येतंय, हेच त्यातलं वाईट आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन कुंभार पिंपळगावात आले तेव्हा सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामा अगदी कमी बोलणारे. चहा दिला तर कपाकडं बघून मान हलवायचे, माझ्याकडं बघून नाही. नवरा साखर कारखान्यात. गाळप सुरू झालं की त्याचा घरी यायचा भरवसा नसे. मग बाळ झालं. माहेरचं बाळंतपण आटोपून मी त्याला घेऊन परत आले आणि आठवडाभरात पोरानं रंग दाखवायला सुरुवात केली.

दिवेलागण झाली की सुरू! पाय पोटाशी ओढायचं, मुठी आवळायचं, लालबुंद व्हायचं. दारातलं कुत्रं उठून पलीकडच्या गल्लीत जायचं — खरंच. बेंबीभोवती हिंग लावून झाला, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून झालं. शेवटी घनसावंगीला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, पोर उत्तम आहे, पोटात वायू धरतो. संध्याकाळी ठरल्या वेळी रडेल, दमला की आपोआप थांबेल. चार महिन्यांचा होईपर्यंत सगळं जाईल. तोवर उचलून फिरवत राहा, कुणीही फिरवलं तरी चालतं.

कुणीही फिरवलं तरी चालतं — हे मी घरी येऊन सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? तेव्हा काही ठरवलं होतं का? आठवत नाही.

एकदा संध्याकाळी मी इतकी थकले होते, की ओसरीवर बसलेल्या मामांच्या मांडीवर बाळ ठेवलं आणि आत निघून आले. बाळाची दमून थांबायची वेळ झालीच होती. मामांनी त्याला पालथं हातावर घेतलं, डोकं कोपरापाशी, दोन पाय दोन्हीकडं लोंबकळत, आणि दुसऱ्या हातानं पाठ थोपटत अंगणात फिरायला लागले. तोंडानं विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा आवाज — ढुक ढुक ढुक ढुक. आणि बाळ गप्प!

"सूनबाई! ये सूनबाई! हे बघ, माझ्याकडं आलं अन् गप झालं!"

माझ्या लग्नानंतर मामा माझ्याशी एवढं मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होते. चेहरा असा फुललेला! मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "मामा, तुमच्या हातालाच गुण आहे. माझ्याकडं बिलकुल राहत नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून दिवस कलला की मामा हातपाय धुऊन, धोतर सावरून तयार. मी बाळ द्यायची आणि आत जाऊन आडवी व्हायची. बाळ त्यांच्याकडंही रडायचं हो, चांगलं तास-दीड तास. ते बिचारे ओशाळून विचारायचे, "आज लई रडून राह्यलं, काय चुकलं का माझं?" मी आतूनच सांगायची, "मामा, माझ्याकडं याच्या दुप्पट रडतं!" की परत ढुक ढुक सुरू.

गावात बोलबाला झाला. शेजारच्या शबानाभाभी आपली लेक घेऊन आल्या — "चाचा, इसको भी जरा देखो ना, शाम से रो रही." चाचांनी बघितलं. पोरगी पाचच मिनिटांत झोपली! मग काय विचारता? आठवडी बाजारात लोक मामांना थांबवून विचारायला लागले. "जल्दी करायची न्हाई," मामा सांगायचे. "इंजिन गरम होईस्तोवर दम धरायचा." हा तोच माणूस, जो कपाकडं बघून मान हलवायचा. रात्री जेवताना ते मला दिवसभराचं सगळं सांगायचे, आणि मी हसून लोटपोट व्हायची. त्या घरात इतकं हसू त्याआधी नव्हतं. मी खोटं बोलत होते — पण कुणाचं काय बिघडत होतं?

आता ते सांगते.

मामांची थोरली बहीण अंबडला होती. आक्का. दर भाऊबीजेला मामा सकाळच्या बसनं जायचे, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी यायचे. एक वर्ष चुकलं नव्हतं. त्या दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते आक्कासाठी घेतलेलं लुगडं पिशवीत घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"सूनबाई, मी गेलो तर राहील का गं पोरगं? एकच रात्र."

मला माहीत होतं, की राहील. ठरल्या वेळी रडेल आणि थांबेल. पण नवरा कामावर होता, आणि संध्याकाळचे ते दोन तास मला एकटीला नको होते. एवढंच. दुसरं काहीही नव्हतं.

"नाही राहणार, मामा," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून लुगडं काढून परत कपाटात ठेवलं. आक्काला फोन केला. "पुढच्या साली येतो, आक्का. पोराला माझ्याबिगर करमत न्हाई." केवढ्या अभिमानानं सांगत होते! दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आला. मी त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. मामा बाळाला घेऊन बाजूलाच उभे होते. आणि संध्याकाळी ते अंगणात फिरत असताना मी गाढ झोपले.

उन्हाळ्यात आक्का गेल्या. अंबडला भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं सांगितलं, त्या दिवशी त्यांनी पाट मांडूनच ठेवला होता. कुणी सांगावं, शेवटच्या बसनं येईल, म्हणाल्या. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या पोराकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "यानं सोडलंच न्हाई." बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या, की सासऱ्याला किती जीव लावते. मी पदर नीट केला.

पोरगा आता शाळेत जातो. आजोबांशिवाय त्याचं पान हलत नाही, हे मात्र आता खरं आहे. भाऊबीजेला माझा भाऊ येतो, घर भरून जातं. मामा नवं धोतर नेसून ओसरीवर बसतात, आणि दरवर्षी इंजिनाच्या आवाजासकट तीच गोष्ट सांगतात. आम्ही सगळे हसतो, मीही हसते. शेवटी ते नातवाला जवळ ओढून म्हणतात, "त्या साली मी अंबडला गेलो असतो, तर काय झालं असतं रे तुझं?"

काही झालं नसतं, मामा. काहीच झालं नसतं.