म्हैस नसलेला सौदा

सुप्याच्या एमआयडीसीजवळ आमच्या दोन खोल्या होत्या, कामगारांना भाड्यानं दिलेल्या. त्या विकून नगरला फ्लॅट घ्यायचा, एवढंच आमचं नाटक. पहिल्याच अंकात घोळ झाला. फ्लॅटवाल्याला उरलेले पैसे महिन्याभरात हवे होते, आणि खोल्यांचं गिऱ्हाईक, तिथल्याच एका कारखान्यातला सुपरवायझर, इसार देऊन मोकळं झालं होतं. त्याचं बँकेचं कर्ज व्हायला चारेक महिने लागणार होते.

मधल्या काळापुरतं कर्ज बँका देतात, असं कळल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पण खोल्यांचे कागद ग्रामपंचायतीचे. साहेबांनी उतारा दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला.

मग सुपरवायझरनंच वाट दाखवली. घोडेगावच्या बाजारात गुरांचा एक व्यापारी आहे, थोड्या दिवसांसाठी पैसे देतो; माझी नुसती तोंडओळख आहे, म्हणाला. मी व्यापाऱ्याला भेटलो. आम्हाला हवे तेवढे पैसे, म्हणजे खोल्यांच्या किमतीच्या निम्मे, तो तीन महिन्यांसाठी द्यायला तयार होता. तारण म्हणून खोल्यांचं खरेदीखत त्याच्या नावानं करायचं. पैसे फेडले की तो खोल्या परत आमच्या नावावर करणार.

"आमी काय तुमच्या खोल्या गिळनार हाय का, सर?" तो हसत म्हणाला. हसताना त्याचे डोळे मात्र माझ्या दातांकडे होते. बैलाचं वय असंच बघतात.

घरी बायकोनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. ती म्हणाली, "अहो, सावकार एवढा चांगला आहे, तर तो सुपरवायझर स्वतःच का नाही घेत त्याच्याकडून? आणि त्याचं कर्ज होणार चार महिन्यांनी. तीन महिन्यांत त्यानं आपले पैसे दिले नाहीत, तर खोल्या कुणाच्या?"

खोल्या व्यापाऱ्याच्या, तेही निम्म्या किमतीत. मला घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटू लागली. संशय घ्यायला इतकं ऐसपैस कारण मला आयुष्यात मिळालं नव्हतं. पुढच्या बाजाराला मी डोक्यावर टोपी चढवून, म्हशी बघायच्या बहाण्यानं घोडेगावला गेलो. एका म्हशीनं शेपटीनं माझी टोपी उडवली, तरी मी भूमिका सोडली नाही.

तिथं भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, बाकीच्यांना आकडा कळत नाही. कडुनिंबाखाली व्यापारी तसाच उभा होता. त्याच्या रुमालाखाली दुसरा हात होता तो आमच्या तोंडओळखीच्या सुपरवायझरचा. आणि दोघांच्या आसपास एकही जनावर नव्हतं.

मी जवळ जाऊन रामराम घातला. विचारलं, "शेठ, म्हैस कुठंय?"

रुमाल खाली पडला. सुपरवायझर चपलेतला खडा काढू लागला. व्यापारी म्हणाला, म्हैस आत्ताच टेम्पोत चढली. असेलही. टेम्पो तर बाजारात पुष्कळ होते.

मी फार गोड आवाजात सांगितलं की आम्ही कर्ज घेत नाही, फ्लॅटही घेत नाही, खोल्याही विकत नाही. सुपरवायझरांचा इसार उद्या घरी आणून देतो. फ्लॅट मला सोडायचा नव्हताच. पण आवाज हलू दिला नाही.

आठवड्याच्या आत सुपरवायझरचा फोन आला. बँकेचं कर्ज म्हणे अचानक मंजूर झालं होतं. ठरलेली पूर्ण रक्कम आमच्या खात्यात आली, मगच आम्ही सह्या केल्या. त्याच दिवशी फ्लॅटवाल्याचे पैसेही भागवले. रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मी विजयी वीरासारखं बायकोकडे बघितलं.

ती कपाळाला आठ्या घालून थांबली होती.

"चार महिन्यांचं काम यांनी आठवड्यात केलं," ती म्हणाली. "आपण स्वस्तात दिल्या, अहो."