उजेड वाढवणारे तात्या

तात्यांना कमी उजेडात जेवता येत नसे. स्वयंपाकघरात त्यांनी दोन ट्यूबलाइट आणि वर एक दोनशेचा बल्ब लावला होता. एवढ्यानेही एखाद्या दिवशी समाधान झालं नाही, तर ते दुकानातला हँडलॅम्प आणून खुंटीला अडकवत. "मानसानं काय खाल्लं ते मानसाला दिसाया पायजे," असं त्यांचं म्हणणं. ताटात बहुतेक वेळा पिठलं-भाकरीच असे. त्यात एवढं बघण्यासारखं काय असतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, पिठल्यात मिरची कुठं हाय ते दिसलं तर मानूस वाचतो."

मी जामखेडच्या शाळेत हिंदी शिकवायला आले तेव्हा त्यांच्याच घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तात्यांचं दुकान नगर रस्त्याला होतं. ट्रॅक्टर, जीप, ट्रक यांचे डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, दिवे अशी वायरिंगची कामं ते करत. गाडी कशासाठीही आलेली असो, जाताना तिचा उजेड वाढलेला असायचा. एकाने हॉर्न वाजत नाही म्हणून ट्रॅक्टर आणून लावला आणि परत नेला तेव्हा त्याच्या बॉनेटवर दोन जास्तीचे दिवे बसलेले होते. हॉर्न मात्र तसाच मुका. त्याने कुरकुर केली तेव्हा तात्या म्हणाले, "आरं, समोरचं लांबून दिसल्यावर हॉर्न कशाला लागतोय तुला?"

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. बारावीचा अभ्यास माझ्या खोलीत बसून करायची आणि अभ्यासापेक्षा जास्त बोलायची. तिचं लग्न विहाराच्या अंगणात झालं. पांढरी शुभ्र साडी नेसून ती उभी होती, समोर मेणबत्त्या होत्या, भन्ते वंदना म्हणत होते आणि आमच्या आळीत पहिल्यांदाच आलेला व्हिडिओ शूटिंगवाला सगळ्यांच्या पायात येत होता. जावई सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता. मुलगी तिकडे नांदायला गेली आणि पुढच्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळही वाचलं नाही. मी यापेक्षा जास्त काही लिहू शकत नाही, आणि लिहावंसंही वाटत नाही.

त्यानंतर तात्यांचं बोलणंच बंद झालं. दुकान उघडत, काम करत, घरी येऊन ढणढणीत उजेडात खाली मान घालून जेवत. बायकोला, म्हणजे माईंना, ते आयुष्यभर 'सुजीची आई' अशीच हाक मारत आले होते. आता ती हाक तोंडातून निघेना आणि दुसरी कोणती त्यांना सुचेना. काही हवं असलं की ते नुसते खाकरायचे. माई पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. हवं असायचं दुसरंच काही, पण ते तेच पाणी पिऊन टाकायचे.

माईंना काचबिंदू होता. सुजाता गेल्यावर नजर झपाट्याने उतरली. आळीतल्या बायका म्हणायच्या, रडून रडून गेली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर येणार नाही, राहिलेली टिकली तर टिकवायची. आणि आम्ही उठता उठता ते सहज म्हणाले, "घरात उजेड चांगला ठेवा, म्हणजे ठेच लागणार नाही." तात्यांनी एवढंच ऐकलं. डॉक्टरांनी ते ठेचेबद्दल सांगितलं होतं, तात्यांनी औषध म्हणून घेतलं. परतीच्या एसटीत आष्टी मागे पडल्यावर मला म्हणाले, "बाई, उजेडच कमी पडतोय म्हना की. त्यो तर आपला धंदाय."

घरात लग्नाची कॅसेट होती. माई ती लावून टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ बसायच्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, "सुजीचं तोंड दिसत न्हाई वो. पांढरं कायतरी हलतंय, येवढंच." पांढरं म्हणजे ती साडी. मग हळूच म्हणाल्या, "एकदा तोंड दिसलं असतं म्हंजे बास हुतं." तात्या दारात चप्पल घालत होते. त्यांनी चप्पल काढली, आत आले आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माईंशी नीट बोलले, "मोठं केलं तर दिसंल. भिंतीयेवढं करतो."

पहिला प्रयोग त्यांनी घरातल्याच टीव्हीवर केला. एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ होता, तिथून मोठी लेन्स मिळवली, पत्र्याचा डबा केला, लेन्समधून चित्र उलटं पडतं म्हणून टीव्ही त्यात उलटा ठेवला आणि खिडक्यांना गोधड्या लावल्या. भिंतीवर चित्र आलं, पण इतकं मंद की मलाही डोळे ताणावे लागले. तात्यांनी आपल्या सवयीने डब्याच्या दोन्ही बाजूंना जीपचे हेडलाइट बसवून भिंतीवर सोडले. होतं नव्हतं ते चित्रही पुसून गेलं. भिंतीवरची पाल तेवढी स्पष्ट दिसायला लागली. तात्या कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उजेड वाढवला आनि दिसायचं कमी झालं, असं माज्या धंद्यात कदी झालं न्हाई." मला हसू आलं. माईही हसल्या. त्या घरात वर्षभरात कोणी हसलं नव्हतं.

मग त्यांच्या पुतण्याने दुबईहून तळहाताएवढा टीव्ही आणून दिला. त्याची मागची बाजू तात्यांनी सोलून काढली. आत एक पातळ काच निघाली, तिच्यावर चित्र यायचं आणि आरपार उजेडही जायचा. आता उजेड काचेच्या मागून द्यायचा, हे त्यांना उमगलं. ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा एक बल्ब, त्याला ट्रकची बॅटरी. चित्र आलं, पण फिकं. दुसरा बल्ब लावला तर उजळलं. तिसरा, चौथा लावल्यावर भिंतीवर सुजाताऐवजी चार चंद्र उगवले, प्रत्येक बल्बचा आपापला. चंद्र पुसायला मध्ये बटरपेपर लावला, तर उजेड कमी झाला. मग पाचवा बल्ब. पाच बल्बांनी डबा भट्टीसारखा तापायचा आणि ती नाजूक काच तापली की मधूनच काळी पडायची. गार झाली की चित्र परत यायचं. तात्यांनी जीपचा पंखा आणून डब्याच्या पाठीशी बांधला. त्याच्या आवाजाला भिऊन शेजारचं मांजर त्या गल्लीतून जायचं बंद झालं.

या सगळ्या काळात तात्या पूर्वीसारखे बोलू लागले. बल्ब जोडताना तर तोंड थांबायचंच नाही. "सुजीच्या आई, हितं बस. आता बग." ती हाक परत आली, ते मी माझ्या खोलीत वह्या तपासताना ऐकलं आणि हातातला पेन खाली ठेवला. प्रत्येक बल्बनंतर ते विचारायचे, "आता?" आणि माई म्हणायच्या, "मगापेक्षा बरंय. जरा उजळलंय." की तात्या पुढच्या बल्बच्या तयारीला.

शेवटी एका रविवारी दुपारी तात्यांनी मलाही बोलावलं. गोधड्या लावल्या, पंखा सुरू केला, पाचही बल्ब पेटवले. चुना दिलेल्या भिंतीवर सुजाता उभी राहिली. माणसाहून मोठी, पांढऱ्या साडीत, हातात हार घेऊन. मला रडू आवरेना. तात्या भिंतीकडे बघतच नव्हते, ते माईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. कॅसेट पुढे सरकली. वंदना झाली, मामा आला, पाहुणे आले. एवढ्यात चित्र मध्यभागी काळवंडलं, मग कडेपर्यंत काळं होत गेलं. काच तापली होती. भिंतीवर काहीच उरलं नाही, नुसता आवाज येत राहिला. कॅसेटमध्ये पुढे शूटिंगवाला म्हणतो, "ताई, जरा हसा की." तात्यांनी बल्ब बंद करायला हात उचलला, आणि काळ्या भिंतीकडे ताठ बसून बघत माई म्हणाल्या, "किती लख्ख दिसती वो. हसती बगा, हसती."

तात्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बोलू नका म्हणून. मग बल्ब बंद केले, पंखा चालू ठेवला आणि माईंच्या शेजारी जमिनीवर बसून म्हणाले, "व्हय. हसती." कॅसेट संपेपर्यंत ते तसेच बसून होते. संपल्यावर त्यांनी मला चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर दर रविवारी हा कार्यक्रम व्हायचा. तात्या गोधड्या लावायचे, पंखा सुरू करायचे, कॅसेट लावायचे. बल्ब मात्र पेटवत नसत. अंधारात माईंच्या जवळ बसून सांगायचे, "आता मामा आला बग. आता तुज्या बहिनी आल्या, धाकटीनं काय पातळ नेसलंय." माई म्हणायच्या, "हां, दिसलं." मी माझ्या खोलीत बसून ऐकायची. एकमेकांना फसवणारं इतकं प्रेमळ जोडपं मी दुसरं पाहिलं नाही. ते ऐकताना मला आपलं एकटेपण फार जाणवायचं.

पुढे माझी बदली संगमनेरला झाली. निघताना तात्यांनी मला जबरदस्तीने एक मोठा बल्ब दिला आणि म्हणाले, "नव्या खोलीत आदी उजेड करा, सामान मागनं लावा." तीच शेवटची भेट. दोनेक वर्षांनी दुकानातच एका ट्रकखाली काम करताना छातीत कळ येऊन ते गेले. मला उशिरा कळलं. मी गेले तेव्हा माई एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

मी शेजारी बसले. माईच बोलल्या. "बाई, त्यांनी येवढे बल्ब लावले, मला येकाचाबी उजेड आला न्हाई. पयल्या बल्बच्या आदीच माजं सगळं गेल्तं. पर त्यो मानूस सुजीमागं मुका झाला हुता, बल्ब जोडताना बोलाया लागला. मग मी म्हनायची, जरा उजळलंय."

"तात्यांना ते कळलं होतं, माई," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"ठावं हाय. पयल्या रविवारी तोंडावर बल्बची झळ लागत हुती. पुढच्या रविवारी लागली न्हाई. तवाच समजलं मला, बल्ब लावलेच न्हाईत. मीबी बोलले न्हाई, त्येबी बोलले न्हाईत. बोललो असतो तर सुजीकडं बगायचं ऱ्हाऊन गेलं असतं दोगांचंबी."

मग त्यांनी मला कॅसेट लावायला सांगितली. म्हणाल्या, "आता सांगाया कुनी न्हाई. तुमी सांगा." मी साध्या टीव्हीवर कॅसेट लावली आणि सांगायला सुरुवात केली. मामा आला, म्हटलं. बहिणी आल्या, धाकटीचं पातळ कसलं आहे तेही सांगितलं. पुढे शूटिंगवाला म्हणाला, "ताई, जरा हसा की," आणि सुजाताचा चेहरा पडदाभर आला. 'हसते आहे,' एवढंच सांगायचं होतं, पण मी तिथेच थांबले.

माईंनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाई. तात्याबी हितंच थांबायचे."