नदी आटली तरी आई हलेना

आमच्या लॅबमध्ये प्राचीन काही सापडो न सापडो, फजिती मात्र रोज नवी सापडते. आम्ही खणत बसत नाही हो! एसीत बसून कॉम्प्युटरवर हजारो वर्षांपूर्वीची गावं वसवतो, नदी आटवतो आणि माणसं कुठे जातात ते बघतो. एवढ्यासाठी पगार मिळतो, हे आईला अजून पटलेलं नाही.

*

एकदा सॅटेलाइट नकाशावर मला गुरुग्रामच्या पलीकडे टेकाड दिसलं. "पुरातन वस्ती!" मी ओरडलो. कॅब करून गेलो, तर बिल्डरने टाकलेला राडारोडा! माझा लॅबमधला जोडीदार इम्रान, मूळचा लातूरचा. पायाने एक फरशी उलटवत म्हणाला, "पुरातनच आहे यार. मागच्या दिवाळीची!"

*

माझ्या मॉडेलमधली पहिली माणसं नदीकाठीच तहानेने मेली. पाणी प्यायची कमांडच द्यायची राहिली होती. आमच्या बॉस, माथुर मॅडम, शांतपणे म्हणाल्या, "बेटा, नदी दी, प्यास दी, अब पीना भी सिखा दो!"

*

बाबा रिटायर झाले. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर महिनाअखेर सोडून दिल्लीतच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. आई फ्लॅट बघायला कशीबशी तयार झाली. मी मोबाइलवर मॅप लावून तिला सगळे सेक्टर फिरवले, फ्लॅट काही सापडेना.

आई वैतागली, "त्या जुन्या लोकांना रस्ता तूच दाखवला होतास का? म्हणून संपले बिचारे!"

घरी येऊन तिने जाहीर केलं, "मी इथून हलणार नाही." बाबांनी हात टेकले. गावंच्या गावं हलवणारा मी, पण एक आई हलेना! मला खरंच टेन्शन आलं.

*

मॉडेलमधली माणसं स्क्रीनवर ठिपके म्हणून दिसतात; टेस्टिंगसाठी मी त्यांना घरच्यांची नावं दिली होती. इम्रान म्हणाला, "धान्य आईच्या ठिपक्याकडे ठेव. घरात असतं तसं." ठेवलं.

रविवारी लॅपटॉप थेट ओट्यावर नेला. "बघ आई, नदी आटली की सगळे निघतात!"

नदी आटली. बाबा निघाले, मी निघालो. आई तिथेच!

"ही का जात नाही?"

"बग आहे गं. दुरुस्त करतो."

"थांब. तुम्ही पोचलात ना नीट?"

पोचलो होतो. पण तिथे ठिपके विझायला लागले. आधी बाबा, मग मी.

"अरे, काय झालं?"

"उपासमार," मी ओशाळून म्हणालो. "धान्य तुझ्याकडेच राहिलं. मॉडेल चुकलंय."

आई ओढणी खोचून उठली.

"काही चुकलेलं नाही. माळ्यावरचा मोठा कुकर खाली काढ, आधी तोच बांधायचा."