वाढत्या अंगाचा फ्यूज

चांगदेव यांनी आयुष्यात एकही वस्तू मापाची घेतली नाही. महूच्या लष्करी स्टोअरमध्ये कपडे आणि बूट वाटण्यात त्यांची उभी हयात गेली आणि तिथला सगळा अनुभव त्यांनी एका वाक्यात बांधून इंदूरच्या घरी आणला : मोठं ढिलं वापरता येतं, लहान ताणता येत नाही. त्यामुळे मुलगा अश्वजित शाळेत असताना आधी त्याची पँट घरी पोचायची, मग तो. घरात माणसं दोन उरली तरी कुकर बारा जणांचा. पत्नी प्रभावतीबाईंच्या चपला तर चालताना टाळ्या वाजवत.

"अहो, साठी उलटली. आता कुठे वाढणार तुम्ही?" नव्या सदऱ्याच्या बाह्या बोटांवर आलेल्या पाहून त्या विचारत.

"धुतल्यावर आटतो," चांगदेव सांगत. त्यांचा एकही सदरा अजून आटला नव्हता.

अशा माणसाने घरावर सोलर बसवायचं ठरवलं, त्याला कारण होतं मेहुणा बुद्धरत्न. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला सगळे नातेवाईक विजय नगरच्या या घरी जमले होते. वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या आणि भर दुपारी लाइट गेली. वैशाखातली दुपार ती. पाहुणे कागदी ताटल्यांनी वारा घेऊ लागले. तेव्हा बुद्धरत्न सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जीजाजी, पुढच्या साली खीर पिंपळाखालीच ठेवा. हवा पण मिळेल, पुण्य पण!"

हॉल हसला. चांगदेव उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी या घरातला एक पंखा जरी थांबला, तर चांगदेव नाव सांगणार नाही."

बोलून बसले खरे. वर्षभरात छपरावर पॅनेल चढली, पॅसेजमध्ये ट्रंकेएवढी बॅटरी आली, शेजारी इन्व्हर्टर टांगला गेला. जोडणी करायला मिस्त्री सोमवारी येणार होता. त्याने सांगितलेलं सामान महाराणी रोडवरून चांगदेवांनी स्वतः जाऊन आणलं. रविवारी सून धम्मदीना आली. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तिने सहज त्या सामानाची पिशवी उघडली.

"बाबा, हा दोनशे अँपिअरचा फ्यूज कशाला?"

"बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये. मिस्त्री शंभरचा म्हणत होता. मी दुकानदाराला म्हटलं, भिया, दोनशेचा दे. घर पाहुण्यांनी भरलं की उडायला नको."

"आणि वायर?"

"ती मात्र मिस्त्रीने सांगितली तीच. पंचवीस चौरस मिलिमीटरची. त्याहून जाड वळतच नव्हती."

धम्मदीनाने कपाळाला हात लावला. आयुष्यात एकच वस्तू मोठी घेतलेली चालली असती, ती बाबांनी नेमकी मापाची आणली होती.

"बाबा, इन्व्हर्टर तीन हजार वॅटचा, बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची. भागा. बासष्ट अँपिअरच्या वर आलं. थोडं मशीन खाणार, बॅटरी उतरली की अजून जास्त ओढणार. सत्तर धरा. त्यावर पाव हिस्सा मोकळीक, म्हणजे नव्वदच्या आत. बाजारात मिळतो शंभरचा. आणि ही वायर शंभर आरामात सोसते. आता सांगा, फ्यूज कोणासाठी असतो?"

"इन्व्हर्टरसाठी."

"वायरसाठी! तुमच्या दोनशेच्या फ्यूजमधून उद्या काही बिघडून एकशे ऐंशी गेले, तर फ्यूज मजेत बसून राहील आणि वायरची शेगडी होईल."

मेथी निवडणाऱ्या प्रभावतीबाईंनी मान वर केली. "म्हणजे कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्हच की! तो उडतो म्हणून कुकर शाबूत राहतो. हे तिथे नटबोल्ट कसायला निघालेत."

पिशवीत आणखी एक गंमत होती. हॉलच्या पंख्यांना आणि प्लगांना मिळून सहा अँपिअरचा ब्रेकर होता, भार वाढला की आपोआप पडणारा; तो काढून लावायला बत्तीसचा आणला होता. हॉलची वायर भिंतीतली, जुनी, दीडची. धम्मदीनाने तोही बाजूला ठेवला.

"सहाचाच ठेवला आणि भर कार्यक्रमात पडला तर?" चांगदेवांनी विचारलं.

"तर पडेल, बाबा."

"बुद्धरत्नच्या समोर?"

धम्मदीनाने सामानाची पावती त्यांच्या हातात दिली. चांगदेव महाराणी रोडला गेले, फ्यूज बदलून आणि ब्रेकर परत करून आले. पण झोप उडाली ती उडालीच.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर आली आणि ठरल्यासारखी लाइट गेली. पंखे फिरतच राहिले. चांगदेव उगाच पंख्याखालून दोनदा फिरून आले. बाह्या झेंड्यासारख्या फडफडल्या. बुद्धरत्न पंख्याकडे असा बघत होता, जणू पंख्याने त्याला दगा दिला.

मग उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी खीर गरम करायचं निघालं. बुद्धरत्न स्वयंपाकघरातून विजेची शेगडी उचलून घेऊन आला. "इथेच करू ना, सगळ्यांसमोर. बघू तरी जीजाजींच्या बॅटरीत कितना दम है!" त्याने ती हॉलच्या बोर्डाला लावली. खीर जरा हलते न हलते तोच टक् असा आवाज आला आणि पंखे मंदावले.

"गई भैंस पानी में!" बुद्धरत्न आनंदाने ओरडला.

सगळे चांगदेवांकडे पाहू लागले. ते उठून बोर्डाशी गेले. एकटा सहाचा ब्रेकर खाली आला होता. आत फ्रिज शांतपणे घरघरत होता. वायर गेली होती त्या भिंतीवर त्यांनी तळवा ठेवला. भिंत गार होती. तिच्यावर बुद्धांची तसबीर, तिला कालच लावलेला पांढरा पडदा. इथे आपण बत्तीसचा बसवणार होतो, हे आठवून त्यांनी पडद्याची कड भिंतीपासून जरा लांब सारली. मग ते वळले, तर चेहऱ्यावर चक्क हसू.

"कळलं त्याला!"

"कोणाला?"

"ब्रेकरला. तुम्ही काय लावलंत ते तुम्हाला नाही कळलं, बुद्धरत्नजी, त्याला कळलं!"

हॉलमध्ये हशा पिकला. चांगदेवांनी शेगडी काढली, खटका वर केला, पंखे फिरू लागले.

"पण पंखा थांबला, जीजाजी," बुद्धरत्न सोडेना. "नाव सांगणार नव्हतात तुम्ही."

"नाहीच सांगत. आता तुम्हीच सांगत फिरा. आणि शेगडी आत न्या, तिथली वायर जाड आहे."

पाहुणे खिरीकडे वळल्यावर चांगदेव सुनेजवळ सरकले. "हॉलची वायर बदलून टाकू. चारची."

"अडीचची पुष्कळ झाली, बाबा."

"चारचीच टाकू. वायरला चालतं ना वाढतं अंग?"

"वायरला चालतं," धम्मदीना हसून म्हणाली. "ब्रेकर मात्र मी आणणार."

"आणि सदरा मी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आधी ती बाही आवरा. खिरीत बुडाली आहे केव्हाची."