मेंढीचा कान

बायको वॉशिंग मशीनचा शॉक लागून गेली, तेव्हापासून नारिन शहरातला म्हातारा वायरमन तुर्दुबाय नगरपालिकेच्या मानगुटीवर बसला होता. यंदा एकदाचा नियम झाला: अर्थिंगशिवाय घराला वीज नाही, परवान्याशिवाय कुणी वायरमन नाही. पहिला परवाना त्याच्याच चेल्याला, एर्मेकला मिळाला. एर्मेकने नव्या घरात मेंढी कापून सगळ्यांना जेवायला बोलावलं.

हात धुताना म्हाताऱ्याने सवयीने शेजारच्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला; पत्र्यात करंट होता.

"अर्थिंग कुठंय रे?"

"तार भिंतीत घातलीय, उस्ताद. बाहेर जमीन दगडासारखी गोठलीय, खड्डा बर्फ वितळल्यावर खणू. नगरपालिकेचे साहेब तपासून गेले, चालतंय म्हणाले."

"चालतंय? माझी बायको मेली तोवर आमचंही चालतच होतं, गाढवा!"

पंगत बसली. मेंढीचं डोकं मानाने म्हाताऱ्यापुढं आलं. त्याने सुरीने कान कापला. कान लहान पोरांना देतात, त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. म्हाताऱ्याने तो परवानेवाल्या एर्मेकच्या ताटात आपटला.

"खा! आणि पहार काढ. तार जमिनीत जाईपर्यंत इथं दुसरं कुणी घासाला हात लावणार नाही."